थंडीत किडे जातात कुठे?

थंडी पडू लागली की वस्तीत संध्याकाळी शेकोट्या पेटतात. ट्रंकेतल्या गोधड्या आणि स्वेटर बाहेर निघतात. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारी पाखरे मात्र एकाएकी दिसेनाशी होतात. अशा वेळी घरातले एखादे पोर सहज विचारते, "आई, किडे कुठं गेले गं?" आई कामात असते. ती म्हणते, "थंडीनं मेले असतील." प्रश्न तिथेच संपतो.

खरे म्हणजे तो तिथे संपायला नको. किडे मेलेले नसतात, निदान सगळे तरी नाहीच. ते आपल्याच घराच्या भिंतीला, कुंडीतल्या कढीपत्त्यावर, नाल्याकाठच्या रुईवर आणि ओट्याखालच्या धुळीत असतात. त्यांची हालचाल मंदावलेली असते, म्हणून ते नजरेत भरत नाहीत. आणि जे हलत नाही त्याचा फोटो काढणे सोपे असते. आज बहुतेक घरांत एक तरी कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. लग्नाचे, बारशाचे, वाढदिवसाचे फोटो आपण त्यावर काढतोच. त्याच मोबाईलने या थंडीत मुलाबाळांना घेऊन किडे शोधावेत, त्यांचे फोटो काढावेत, हे सुचवण्यासाठी हा लेख आहे. हा नुसता वेळ घालवण्याचा छंद नाही. शेतात राबणाऱ्या आपल्या माणसांच्या पोटाशी आणि जिवाशीही त्याचा संबंध आहे. तो पुढे ओघाने येईलच.

थंडीत किडे काय करतात?

माणसाचे शरीर आतून ऊब तयार करते. बाहेर कितीही गारठा असला तरी आपले रक्त गरम राहते. किड्याचे तसे नाही. हवा जितकी गार, तितके त्याचे अंग गार. मधमाश्या आणि काही मोठे पतंग पंखांचे स्नायू थरथरवून थोडी ऊब आणतात, पण बहुतेक किड्यांना उन्हाचीच वाट पाहावी लागते. अंग गार असले की पंख चालत नाहीत, पाय जड होतात. म्हणून थंडीच्या सकाळी गवताच्या पात्यावर बसलेला चतुर आपण अगदी जवळ गेलो तरी उडत नाही. तो आळशी नसतो. त्याला उडताच येत नसते.

ज्या देशांत बर्फ पडते तिथल्या किड्यांची तऱ्हा आणखी निराळी. तिथले काही किडे शरीरात ग्लिसरॉलसारखे द्रव्य साठवतात. त्यामुळे शून्याखालच्या थंडीतही अंगातले पाणी सहज गोठत नाही. काही फुलपाखरे झाडाच्या सालीखाली किंवा घराच्या माळ्यावर पंख मिटून महिनोन्‌महिने पडून राहतात. आपल्याकडे एवढी वेळ येत नाही. विदर्भात रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा खाली उतरला तरी दुपारी ऊन असतेच. मुंबई-ठाण्याकडे तर त्याहून कमी थंडी. म्हणून आपल्याकडचे किडे सकाळी गारठलेले आणि दुपारी कामाला लागलेले, असा दिवस काढतात.

तरीही हिवाळा काढण्याच्या प्रत्येकाच्या युक्त्या वेगळ्या. कोणी अंड्याच्या रूपाने थांबतो, कोणी अळीच्या, कोणी कोषाच्या. कोणी तर गावच सोडतो. पावसाळ्यानंतर मैदानावर थव्याने उडणारे पिवळसर चतुर आठवा. त्यातले पुष्कळसे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भारतातून निघून समुद्रावरून मालदीवकडे आणि पुढे आफ्रिकेकडे जातात, असे चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाने २००९ साली मांडले. दीड-दोन इंचांचा जीव आणि एवढा प्रवास! कामासाठी दूरदेशी गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या घरांना हे लवकर समजेल.

कुठे शोधाल?

त्यासाठी जंगलात जायची गरज नाही. पुढे सांगितलेल्या जागा बहुतेकांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

कढीपत्त्याची कुंडी : चाळीच्या गॅलरीत कढीपत्ता असतोच. त्याच्या पानावर पक्ष्याने विष्ठा टाकल्यासारखे काळे-पांढरे काही दिसले तर पुसून टाकू नका. ती फुलपाखराची लहान अळी असू शकते. शत्रूला किळस यावी म्हणून तिने घेतलेले हे सोंग. मोठी झाली की तीच अळी हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. तिला डिवचले तर डोक्यामागून दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लिंबाच्या झाडावरही हेच पाहायला मिळते. थंडीत वाढ सावकाश होते, त्यामुळे अळी, कोष, फुलपाखरू हा सगळा प्रवास निवांतपणे टिपता येतो.

रुईचे झुडूप : रेल्वेच्या कुंपणाबाहेर, नाल्याकाठी, पडक्या भूखंडावर रुई आपोआप उगवते. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. पण एका रुईवर अख्खे गाव वसलेले असते. पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती प्लेन टायगर नावाच्या नारिंगी फुलपाखराची. रुईच्या चिकातले विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा दाटलेला असतो. फुलांवर मोठा काळा भुंगा येतो. लाकूड पोखरून घर करणारा हाच तो. रुईचे परागीभवन मुख्यतः त्याच्यामुळे होते. मात्र रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. फांदी मोडायची नाही, फक्त पाहायचे.

वालपापडीचा वेल : थंडीत वालाच्या कोवळ्या शेंगांवर काळा मावा येतो. गृहिणी तो पाहून नाक मुरडतात. पण जरा थांबून पाहा. माव्याच्या अवतीभवती मुंग्या असतात. मावा झाडाचा रस पितो आणि मागून गोड चिकट पाणी टाकतो, तेच मुंग्या पितात. त्या बदल्यात माव्याच्या शत्रूंना पिटाळून लावतात. गवळ्याने गाई राखाव्यात तसाच हा कारभार. माव्यातली मादी या काळात नराशिवायच थेट पिल्लांना जन्म देते, म्हणून चार दिवसांत शेंडा काळा पडतो.

याच ठिकाणी लाल किंवा नारिंगी रंगाचा, पाठीवर काळे ठिपके असलेला गोलसर किडा दिसेल. शेतीखात्याच्या पुस्तकांत त्याला ढालकिडा म्हणतात, शाळेच्या पुस्तकात लेडीबर्ड. हा मावा खातो. त्याची अळी तर त्याच्याहून खादाड. पण ती दिसायला अगदी वेगळी, लांबट, काळसर, मगरीच्या पिल्लासारखी. तिच्या अंगावर पिवळे किंवा नारिंगी ठिपके असतात. न ओळखणारा माणूस तिलाच कीड समजून चिरडतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे याचाच उपयोग आहे.

ओट्याखालची धूळ : घराच्या, शाळेच्या किंवा विहाराच्या मागच्या बाजूला छपराखाली पाऊस न पोचणारी बारीक माती असते. तिथे रुपयाएवढे, नरसाळ्यासारखे खड्डे दिसतील. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी मातीत एक अळी दडलेली असते. इंग्रजीत तिला मुंग्यांचा सिंह म्हणतात. मुंगी काठावरून घसरली की खालून ती डोक्याने माती उडवते, मुंगी आणखी घसरते आणि चिमट्यासारख्या जबड्यात सापडते. हीच अळी पुढे कोषात जाते आणि चतुरासारखी नाजूक पंखांची होऊन उडून जाते. कोरड्या हवेत हे खड्डे टिकून राहतात, म्हणून हिवाळा-उन्हाळा यांच्यासाठी चांगला. मुलांना एका जागी अर्धा तास बसवायचे असेल तर यासारखे साधन नाही.

काटक्या आणि भिंती : कुंपणाच्या काटकीला किंवा भिंतीला वाळलेल्या फेसासारखा तपकिरी गोळा चिकटलेला दिसला तर तो प्रार्थना किड्याच्या अंड्यांचा. पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे धरणारा तो लांबट हिरवा किडा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. फेस वाळून घट्ट होतो आणि आतली अंडी सुरक्षित राहतात. बाभळीच्या फांदीला लोंबणारी बारीक काड्यांची मोळी दिसली तर तीही पाहा. आत पतंगाची अळी राहते. ती घर पाठीवर घेऊनच हिंडते.

संध्याकाळचा पाहुणा : दिवेलागणीला घरात एक तपकिरी फुलपाखरू शिरते आणि कोपऱ्यात बसते. लोक त्याला पतंग समजतात. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके ठळक असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्या फुलपाखरांत ते ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसतात. एकाच जातीचे हे दोन वेष. पावसाळ्यात हिरवळ असते, हिवाळ्यात पाचोळा. ज्या जागी लपायचे तसा वेष. ऑगस्टमध्ये एक आणि जानेवारीत एक असे दोन फोटो शेजारी ठेवले तर सृष्टीचा केवढा मोठा धडा मुलांसमोर उभा राहतो!

आणि वर बघायला विसरू नका. आंब्याच्या झाडावर बांडगूळ असेल तर तिथे पांढरे-पिवळे-लाल फुलपाखरू उंचावरून फिरताना दिसेल. त्याला मराठीत हळदीकुंकू असे नाव आहे. त्याच्या अळ्या बांडगुळाची पाने खातात. पंख मिटले म्हणजेच त्याचे खरे रंग दिसतात. शहरातही ते आढळते. फुलांवर उतरले की फोटोची संधी साधावी.

फोटो कसा काढाल?

पहिल्या दिवशी पन्नास फोटो काढले तर चाळीस अस्पष्ट येतात, हा स्वानुभव आहे. निराश होऊ नये. पुढील साध्या गोष्टी सांभाळल्या तर महिनाभरात हात बसतो.

वेळ सकाळची निवडा. ऊन वर येण्याआधी किडे गारठलेले असतात, अंगावर दव असते आणि प्रकाश मऊ असतो. नागपूरकडे हे काम सूर्योदयानंतरच्या तासाभरात उरकावे. मुंबईत थोडा उशीर चालतो. ऊन तापू लागले की फुलपाखरे पंख उघडून ऊन खात बसतात. त्यांच्या पंखांच्या वरच्या बाजूचा फोटो तेव्हाच मिळतो. त्यानंतर मात्र ती हाताला लागत नाहीत.

आपली सावली किड्यावर पडू देऊ नका. सावली पडली की गारठलेला किडाही दचकतो. उभे राहून वरून फोटो घेण्यापेक्षा उकिडवे बसा आणि किड्याच्या पातळीवर या. कोपर गुडघ्यावर टेकवा म्हणजे हात हलत नाही. वारा असेल तर दुसऱ्या हाताने देठ हलकेच धरा. मोबाईलच्या पडद्यावर किड्याच्या डोळ्यावर बोट ठेवा, म्हणजे कॅमेरा तिथे नेम धरतो. डोळा स्पष्ट आला की फोटो जिवंत वाटतो.

एकदम जवळ जाऊ नका. पहिला फोटो लांबून, दुसरा अर्ध्या अंतरावरून, तिसरा जवळून. किडा उडाला तरी एक तरी फोटो हाती राहतो. ओळख पटवायची असेल तर वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो हवेत. किडा ज्या झाडावर बसला त्या झाडाच्या पानाचाही एक फोटो घ्या. कित्येकदा झाडावरूनच किडा ओळखता येतो. आकार कळावा म्हणून शक्य असेल तर शेजारी आगकाडी धरावी.

फ्लॅश शक्यतो वापरू नये. उजेड कमी वाटला तर वहीचा कोरा कागद उन्हाच्या उलट बाजूला धरा. त्यावरून परतलेला प्रकाश किड्याच्या अंधाऱ्या बाजूवर पडतो. फार बारीक किड्यांसाठी मोबाईलवर चिमट्याने लावायचे भिंग बाजारात स्वस्तात मिळते. तेही नको असेल तर बिघडलेल्या सीडी प्लेअरमधले इवलेसे भिंग काढून मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने बसवा. मुंगीच्या मिशा दिसू लागतात. ही करामत घरातला मोठा मुलगा किंवा मुलगी एका दुपारी करू शकते.

एक पथ्य मात्र सर्वांनी पाळावे. चांगल्या फोटोसाठी किड्याला मारू नये, चिकटवू नये, फ्रिजमध्ये ठेवून सुन्न करू नये. असे करणारे लोक आहेत. तो फोटो खोटा असतो. जे आहे ते, जिथे आहे तिथे, तसेच टिपावे.

शेतातला हिशेब

आता सुरुवातीला सांगितलेल्या गोष्टीकडे वळू.

आपल्यापैकी कित्येकांचे एक पाऊल शहरात आणि एक गावात असते. गावी कोणाची दोन-चार एकर कोरडवाहू, तर कोणी दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारे. पाठीवर पंप बांधून औषध फवारण्याचे काम बहुतेक वेळा मजुराच्याच वाट्याला येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडोंना दवाखान्यात दाखल करावे लागले. कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. तोंडाला मास्क नाही, हातात मोजे नाहीत, डोक्याच्या वर वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांची एकत्र मिश्रणे, अशी कारणे पुढे आली. कर्ते माणूस गेले की घराचे काय होते ते सांगायला नको.

फोटो काढल्याने ही माणसे वाचली असती, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मास्क, मोजे, योग्य औषध आणि वेळेवर उपचार ही जबाबदारी वेगळ्यांची आहे आणि ती त्यांच्याकडे मागितलीच पाहिजे. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. किडा दिसला की फवारा मारायचा, ही सवय मोडता येते. समोरचा किडा शत्रू आहे की मित्र, हे ओळखता आले तर काही फवारण्या टळतात. टळलेली प्रत्येक फवारणी म्हणजे वाचलेले पैसे आणि मजुराच्या छातीत न गेलेले विष.

हिवाळ्यातलीच उदाहरणे घेऊ. करडईवर मावा आला आहे. त्यात ढालकिडे आणि त्यांच्या मगरीसारख्या अळ्या भरपूर दिसत आहेत. काही मावे फुगून सोनेरी-तपकिरी झाले आहेत आणि त्यांना गोल भोक पडले आहे. ती एका बारीक गांधीलमाशीची करणी आहे. तिची अळी माव्याला आतून खाऊन बाहेर पडली. हे सारे आपले बिनपगारी मजूर. सरसकट फवारा मारला की तेही मरतात आणि उरलेला मावा पुन्हा दुपटीने वाढतो. म्हणून आधी पाहणी आणि मग निर्णय, हा शहाणपणाचा मार्ग.

हरभऱ्यात घाटेअळी असते. डोके घाट्यात खुपसून, अर्धे अंग बाहेर ठेवून ती दाणा खाते. असा फोटो अगदी सहज मिळतो. ही मात्र खरी शत्रू. तिच्यासाठी शेतात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवाव्यात, असे कृषी खाते सांगते. बगळे, साळुंक्या, कोतवाल अळ्या वेचून खातात. अळ्यांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच औषधाचा विचार करायचा असतो.

आणि कपाशीतली गुलाबी बोंडअळी. २०१७ च्याच हंगामात तिने विदर्भ-मराठवाड्यात हाहाकार उडवला. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशी आली, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असे वाटले होते. पण गुलाबी अळी हळूहळू बीटीलाही दाद देईनाशी झाली. तिच्या हिवाळ्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हंगाम संपत आला की ती सरकीच्या आत, सडक्या बोंडात, रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत सुप्तावस्थेत जाऊन झोपते. पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर येते. म्हणजे 'थंडीत किडे जातात कुठे?' या लेकराच्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच खळ्यावर असते! म्हणूनच डिसेंबरनंतर कपाशीची फरदड घेऊ नका, पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर साठवून ठेवू नका, असे सांगितले जाते. चुलीसाठी पऱ्हाटी लागते हे खरे. पण वर्षभराच्या जळणाची रास म्हणजे अळीला आयते घर. उकललेले बोंड, त्यातली गुलाबी अळी, पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल, ज्याला शेतकरी डोमकळी म्हणतात, यांचे फोटो मोबाईलमध्ये असले तर शेजारच्याला दोन मिनिटांत समजावता येते.

किडा ओळखता आला नाही तर फोटो गावातल्या कृषी खात्याच्या माणसाला दाखवा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करून मराठीत विचारता येते. पैसे लागत नाहीत. दुकानदार जी बाटली हातात देईल तीच घ्यायची, अशी सक्ती नाही. हातात फोटो असला की विचारणाऱ्याचीही भीड चेपते.

वही आणि ओळख

फोटो मोबाईलमध्ये पडून राहिले तर सहा महिन्यांत हरवतात. म्हणून उधारीच्या वहीसारखी एक वही करा. रकाने पाडा : तारीख, वेळ, जागा, झाड, किड्याचे वर्णन, तो काय करीत होता. नाव माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवा. कोरा रकाना ही लाज नाही. आधी पाय मोजा. सहा पाय असतील तर कीटक, आठ असतील तर कोळी. एवढ्याने निम्मे काम होते.

नाव शोधण्यासाठी आयनॅचरलिस्ट नावाचे मोफत साधन मोबाईलवर मिळते. २००८ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा प्रकल्प म्हणून ते सुरू केले. फोटो टाकला की ते अंदाज सांगते आणि जाणकार लोक ओळख पक्की करतात. तिथे फोटो टाकणाऱ्याची पदवी कोणी विचारीत नाही. तारीख, जागा आणि फोटो खरा असला की प्राध्यापकाची नोंद आणि सातवीतल्या मुलीची नोंद सारखीच मोलाची. मात्र मुलांचे पूर्ण नाव किंवा घराचा नेमका पत्ता तिथे देऊ नका. जागा ढोबळ दाखवायची सोय असते.

नवे काही आपल्याला कसे सापडेल, असे वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या एका कोळ्याची नवी जात म्हणून नोंद झाली. संशोधकांनी त्याला आयसियस तुकारामी असे नाव दिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गोळ्या झेलून अतिरेक्याला घट्ट धरून ठेवणारे पोलीस सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. कोळी हा कीटक नव्हे, पण मुद्दा तोच. लोकलगाड्यांच्या गर्दीच्या पट्ट्यातही आजवर कोणी न नोंदलेला जीव राहत होता. आपल्या नाल्याकाठी काय आहे हे पाहिल्याशिवाय कसे कळणार? आणि असे भूखंड दरवर्षी कमी होत आहेत. उद्या तिथे इमारत उठली तर आज तिथे काय होते याचा पुरावा तुमच्या वहीतच राहील.

काही सावधगिरी

केसाळ सुरवंटांना हात लावू नका, अंगाला आग होते. आग्या मोहोळाजवळ फोटोसाठी जाऊ नका, तिथे धूर, दगड, फ्लॅश यांतले काहीच नको. नुकत्याच फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नका. रुळांच्या बाजूने चालू नका. जंगलात परवानगीशिवाय आणि एकटे जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार काही फुलपाखरांना संरक्षण आहे. त्यांना पकडणे, टाचून ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. फोटोने कोणाचेच बिघडत नाही. मुलींनाही बरोबर न्या. सकाळी बाहेर पडून मातीत बसून पाहायचे हे काम फक्त मुलांचे, असा समज घरात असेल तर तो आधी काढा.

२८ फेब्रुवारीपर्यंत

थंडी फार दिवस राहत नाही. होळीपर्यंत ऊन तापू लागते. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. तोवर दर रविवारी तासभर दिला तरी एका घरात वीस-पंचवीस किड्यांचे फोटो सहज जमतील. त्यातले बारा निवडा. फोटोच्या दुकानात छापून घ्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवा. खाली मुलांच्याच अक्षरात नाव, जागा, तारीख लिहा. वस्तीतल्या वाचनालयात, शाळेत किंवा विहाराच्या सभागृहात दोरीवर टांगा. गावाहून आलेल्या आजोबांना बोलवा. ढालकिड्याच्या अळीसमोर उभे राहून ते म्हणतील, "अरे, हिला तर आम्ही कीड समजून मारत होतो." त्या एका वाक्यासाठी दोन महिन्यांच्या सकाळी खर्ची पडल्या तरी हरकत नाही.

आणि पुढच्या थंडीत पोराने पुन्हा विचारले, "आई, किडे कुठं गेले गं?" तर "मेले असतील" असे म्हणू नका. स्वेटर घाला, मोबाईल घ्या आणि म्हणा, "चल, बघून येऊ."